न ढवळायचं भांडं

अमेरिकेला गेले आणि दक्षिण आफ्रिका बघून आले. पेणला परतल्यापासून भेटेल तिला मी हेच सांगतेय, आणि भेटेल ती डोळे बारीक करून विचारते, "विमान चुकलं का हो?" विमान नाही चुकलं. चुकले ती मी, तेही एका भांड्यापाशी. भिशीत तोंडी सांगून सांगून माझा घसा बसला, आणि दर वेळी ऐन रंगात आलं की कोणीतरी कुकर बंद करायला उठतेच. म्हणून म्हटलं, एकदाचं लिहून काढावं. शाळा माझी सातवीपर्यंत, पुढचं सगळं वाचून वाचून आलेलं, तेव्हा बोलते तसंच लिहिणार.

माझी धाकटी, मुग्धा, टेक्सासात फ्रिस्को नावाच्या गावात असते. आधी जर्सी सिटीत होती, तिथून कंपनीने इकडे पाठवली. वय छत्तीस. स्थळं बघून बघून मी दमले, नाही म्हणून म्हणून ती दमली, मग आम्ही दोघींनी तो विषयच सोडून दिला होता. आणि एके दिवशी फोनवर म्हणाली, "आई, एक जण आहे. रिआन. साउथ आफ्रिकन आहे. इंजिनीअर आहे, माझ्याच ऑफिसच्या बिल्डिंगमध्ये."

मी म्हटलं, "काळा की गोरा?"

"आई! यार, हा काय प्रश्न आहे?"

"अगं, डोळ्यांसमोर कोणीतरी उभं राहायला नको का?"

"गोरा. आणि आधी नीट ऐक. तू ये इकडे. त्याची आईपण येतेय तिकडून. भेट सगळ्यांना, बघ. तू नाही म्हणालीस तर मी पुढे नाही जाणार. प्रॉमिस."

आता हे प्रॉमिस म्हणजे माझ्या डोक्यावर ठेवलेला धोंडाच की. तिचे बाबा असते तर अर्धा त्यांच्या डोक्यावर ठेवला असता. ते गेल्यापासून हो आणि नाही, दोन्ही मलाच म्हणावं लागतं.

मला काय बघायचं होतं तेही सांगून टाकते. रंग नाही, पगार नाही, देव कुठला तेही नाही. पाहुणे आले की माणसं गोडच वागतात, ती काय आफ्रिकेतली आणि काय अलिबागची. मला बघायचं होतं ते असं, की काही बिघडलं की ह्या घरातली माणसं कशी वागतात. कारण मुग्धाच्या हातून बिघडणारच. माझीच मुलगी आहे. पण पाहुणीसमोर कोण काय बिघडू देतो? बघणार कसं? विमानात झोप नाही लागली ती ह्याच विचाराने.

फ्रिस्को

फ्रिस्कोबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे बघण्यासारखं म्हणजे आकाश. एवढं मोठं आकाश की घरं खाली कोणीतरी मांडून ठेवल्यासारखी दिसतात, आणि तीही सगळी एकसारखी. पहिल्या दिवशी फिरून आले आणि दुसऱ्याच्याच दारात उभी राहून किल्ली फिरवत बसले. आतून एक तेलुगू आजी आल्या. त्यांना मराठी येत नाही, मला तेलुगू येत नाही, पण त्यांनी माझा हात धरून बरोबर मुग्धाच्या दारात आणून सोडलं. त्यांच्याकडे दर आठवड्याला कोणी ना कोणी अशी येत असावी. संध्याकाळी तिथे साडीवर बूट घातलेल्या आज्यांची नुसती रांग लागते फुटपाथवर.

रिआन आला तो दुसऱ्या दिवशी. दार उघडलं तर साडेसहा फुटांचा माणूस, अर्धी चड्डी आणि पायांत काही नाही. गाडीतून उतरून अंगणातून थेट अनवाणी. मी आधी त्याचे पाय बघितले आणि मग तोंड. मुग्धा कानात म्हणाली, "ते लोक असेच फिरतात, दुकानातसुद्धा जातात." मला तर बरंच वाटलं. बूट घालून गालिच्यावर फिरणाऱ्यांपेक्षा हा परवडला, म्हटलं, फक्त पाय धुऊन ये. मुग्धाने त्याचं भाषांतर केलं नाही, पण त्याला खूण कळली असावी, कारण तो बागेतल्या नळावर पाय धुऊन आला. एक गुण मी तिथेच दिला, मनातल्या मनात.

मला तो 'तान्नी' म्हणायला लागला. म्हणजे मावशी, काकू, जे काय असेल ते. त्यांच्यात वडीलधाऱ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, तान्नी म्हणायचं, आणि पुरुषाला ऊम, म्हणजे काका. नातं असो नसो. अमेरिकेत चार वर्षांचं पोरही आजोबांना नावाने हाक मारतं हे ऐकून गेले होते, आणि इथे हा चाळीशीचा बाप्या मला तान्नी सुशीला म्हणतोय! मी दुसरा गुण दिला.

मग त्याने शनिवारचं आमंत्रण दिलं. फ्रिस्कोच्या वरच्या अंगाला, गाव संपतं तिथे, त्यांच्या ओळखीतल्या कोबसकाकांचं घर आणि भोवती मोकळी जागा आहे. आसपासचे साउथ आफ्रिकन लोक तिथे जमतात आणि लाकडावर स्वयंपाक करतात. त्याला म्हणतात ब्राय. "दुपारी दोनला या," तो म्हणाला, "आणि तुमचं मटण-चिकन, प्यायला काय हवं ते, बरोबर घेऊन या."

तो गेल्यावर मी मुग्धाला विचारलं, "म्हणजे जेवायला बोलवायचं आणि जेवण आपलं आपण न्यायचं?"

"हो. भाजायला आग त्यांची. कोणावर लोड नाही येत ना मग."

आपल्याकडे असं आमंत्रण देऊन बघा कोणीतरी! लग्नाच्या पंगतीत पोचेल ती गोष्ट. पण विचार केला तर वाईट नाही हो. घरची बाई चार दिवस आधीपासून मरत नाही. मी माझ्या बॅगेतून पोह्याच्या पापडांची दोन पाकिटं काढली. पंचवीस वर्षं पापडच करतेय, दुसरं काय नेणार?

कोबसकाकांची जागा

दोनला जेवायचं म्हणून मी सकाळी नुसता चहा घेतला होता. तिथे पोचलो तर आग पेटलेलीच नव्हती! लाकडं रचत होते. मुग्धा म्हणाली, "आई, सांगायला विसरले. आग सगळे आल्यावर पेटवतात. जेवण सहाला."

"मग दोनला कशाला बोलावलं?"

"आग बघायला."

आणि खरंच हो, वीस-पंचवीस माणसं आग बघत उभी होती. पुरुष सगळे गोल करून, एक हात खिशात, एका हातात बाटली, बोलणं मोजकं. मी म्हटलं, कोणी वारलंय की काय. पण नाही, हीच त्यांची मजा. आग एकाची असते. चिमटा ज्याच्या हातात त्याचीच सत्ता. दुसऱ्याने नुसतं सुचवायचं, तेही जपून. कोबसकाका, पांढरी दाढी, गुडघ्यापर्यंत मोजे, चिमटा धरून असे उभे होते की आमच्याकडे ढोलपथकाचा म्होरक्या तरी काय उभा राहील.

लाकूड बघितलं आणि ओरडलेच. काटेरी, वाकडंतिकडं, आतून तांबूस. "अगं मुग्धा, ही आपली वेडी बाभूळ!" ते लोक त्याला मेस्कीट म्हणतात, आणि म्हणे पिशव्या भरून विकत मिळतं. गावाकडे आम्ही त्याला शिव्या घालतो, ते वाढतं म्हणून. कोबसकाकांना मी हातवारे करून सांगितलं की हे आमच्याकडे फुकट आहे, घेऊन जा. ते इतके हसले की हातातला चिमटा हलला. तेवढ्यात तीन जणांनी चिमट्याकडे बघितलं, पण हात कोणी पुढे केला नाही.

भुकेने माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले तेव्हा रिआनच्या लक्षात आलं. त्याने एका फावड्यावर चार निखारे काढून बाजूला मातीत ठेवले, वर एक जाळी, आणि म्हणाला, "तान्नी, ही तुमची आग." माझी स्वतःची! मी पापडाचं पाकीट फोडलं. पोह्याचा पापड निखाऱ्यावर कसा फुलतो तुम्हाला माहीत आहे, दोन बोटांनी सरकवायचा, फिरवायचा, झाला. पहिल्या पापडाला सगळ्यांच्या माना वळल्या. दुसऱ्याला ते गोल कोंडाळं तुटलं आणि पुरुष माझ्या आगीभोवती आले. तिसऱ्यापासून रांग. एक जण म्हणाला, "ह्याला चार तास लागत नाहीत?" दोन्ही पाकिटं अर्ध्या तासात संपली. कोबसकाकांच्या आगीपाशी कोबसकाका एकटे! मग तेही आलेच, चिमटा बरोबर घेऊन.

त्यांच्या जाळीवर मग लांबच लांब सॉसेज आलं, जिलेबीसारखं गोल गुंडाळलेलं. वास आला तो चक्क धण्यांचा. भाजलेल्या धण्यांचा! पण मुग्धाने आधीच सांगितलं होतं की ते गोमांसाचं, तेव्हा मी नुसता वास घेतला. माझ्यासाठी काडीला टोचलेलं चिकन होतं, आंबटगोड, वर जर्दाळूचा तुकडा. आणि ब्रेडमध्ये कांदा, टोमॅटो, चीज आणि चटणी घालून तेही जाळीवर. मक्याच्या पिठाची पांढरी उकड असते त्यांची, ज्वारीच्या उकडीची सख्खी बहीणच. मी बोटांनी खाल्ली. समोरच्या बाईने मला बघितलं, आपला चमचा ठेवला आणि तीही बोटांनी खायला लागली. म्हणाली, आमची आजी असंच खायची.

पण हे सगळं खाणं सहानंतरचं, त्याआधीचं सांगायचं राहिलंच. त्या बाजूला, सगळ्यांपासून जरा लांब, एक बाई खुर्चीत बसली होती. ठेंगणी, गोल, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, पुढे एप्रन. समोर तीन पायांचं बिडाचं काळंभोर भांडं, खाली थोडेसेच निखारे. अंड्यांवर कोंबडी बसावी तशी ती भांड्यापाशी बसली होती.

ती एल्साबे. रिआनची आई.

भांडं

तिची भाषा वेगळी, माझी वेगळी, आणि दोघींचं इंग्रजी सारखंच लंगडं. त्यामुळे आमचं छान जमलं. ज्यांचं इंग्रजी चांगलं असतं त्यांच्याशी बोलताना लाज वाटते, हिच्याशी नाही वाटली. तिने गुडघा दाखवला, मी गुडघा दाखवला. तिने ब्लडप्रेशरची गोळी दाखवली, माझीही निघाली. तिचा नवरा गेला त्याला किती वर्षं झाली, माझा गेला त्याला किती. ती म्हणाली, "मुलं लांब गेली." मी म्हटलं, "लांब." मग आम्ही दोघी थोडा वेळ निखाऱ्यांकडे बघत बसलो. तेव्हा मला कळलं ते पुरुष का बघत बसतात.

भांड्याला ते पोयकी म्हणतात. तिने ते माझ्यासमोरच लावलं होतं. तळाला चरबी आणि कांदा, त्यावर मटण, त्यावर बटाटे, मग गाजर, मग शेंगा, सगळ्यात वर मशरूम. थरावर थर, विटा रचाव्या तसे. वरून जरासं पाणी, जरा वाइन, आणि झाकण. मग ती वाकून कान लावायची. मलाही लावायला सांगितला. आतून बुड्‌बुड्‌ असा बारीक आवाज येत होता, दोन बायका दुसऱ्या खोलीत कुजबुजत असाव्या तसा. ती म्हणाली, "बोलतंय. बोलत असलं की बरं."

मला आमची पोपटी आठवली. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, चिकन, भांबुर्ड्याचा पाला, आणि मडकं उलटं करून भोवती आग. मी तिला जमिनीवर काडीने काढून दाखवली. तिला इतकी आवडली ती कल्पना! "उलटं? उलटं?" करत राहिली.

एवढं सगळं गोड चाललं होतं. आणि मग ती उकड बघायला घरात गेली. जाताना भांड्याकडे बोट दाखवून म्हणाली, "तू ह्याच्यावर लक्ष ठेव."

आता तुम्हीच सांगा. पेणमध्ये, रोह्यात, नागपुरात, कुठेही, एका बाईने दुसरीला 'भांड्यावर लक्ष ठेव' सांगितलं तर त्याचा अर्थ काय? खाली लागू देऊ नकोस. म्हणजेच ढवळ! लग्न झाल्यापासून मी दुसरं काय केलंय? मी अगदी ताठ बसले. केवढा विश्वास टाकला, म्हटलं, पहिल्याच भेटीत. थोड्या वेळाने मला वाटलं, कुजबूज बदलली, जरा चर्र येतंय. तिथे एक लांब लाकडी चमचा पडलेला होता. मी पदर खोचला, झाकण काढलं, आणि तळापासून, अगदी मनापासून, चांगलं चार वेळा ढवळलं. कडेचंही सोडवून घेतलं.

तुम्ही म्हणाल पोपटीवाली बाई, बंद मडक्यातलं तुला कळायला नको? अहो, पोपटीचं मडकं उलटं असतं, ते ढवळणार कसं! इथे झाकण होतं. झाकण दिसलं की हात जातोच.

एल्साबे परत आली तेव्हा चमचा माझ्या हातातच होता. मी हसून म्हटलं, "नॉट बर्निंग!"

तिने भांड्यात बघितलं. मग माझ्याकडे. आणि मग तिच्या भाषेत जे काही सुरू झालं, ते मला शब्द न कळताही पुरेपूर कळलं. सगळी मंडळी वळून बघायला लागली. मग इंग्रजी आलं. "ढवळायचं नाही! कधीच नाही! पोयकी कोणी ढवळत नाही! थर गेले! बटाटे बघ, बटाट्यांचं काय केलंस? मी दर वेळी बैलाचं शेपूट घालते. दर वेळी! तू खात नाहीस म्हणून ह्या वेळी मेंढीची मान आणली. तीन दुकानं फिरले. तुझ्यासाठी! आणि तू ढवळलंस!"

तीन दुकानं. माझ्यासाठी. मला जमीन दुभंगावी असं झालं.

मुग्धा धावत आली, चेहरा पांढराफटक. "आई, ढवळलंस? का पण?"

"लक्ष ठेव म्हणाली गं ती."

"लक्ष ठेव म्हणजे बघत राहा!"

"बघत राहून काय होतं?"

"आई, प्लीज, सॉरी म्हण."

मी म्हटलं सॉरी. दोन्ही हात जोडून म्हटलं. एल्साबे म्हणाली, "सॉरीने बटाटे परत अख्खे होत नाहीत," आणि एप्रन सोडून, खुर्चीवर टाकून, घराकडे चालती झाली.

संपलं, म्हटलं. मुलीचं मी माझ्या हाताने ढवळून टाकलं. मुग्धा तिच्यामागे जाणार होती, तिला रिआनने नुसतं हाताने थांबवलं. तो भांड्यापाशी आला, वाकून आत बघितलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. आता हा काय म्हणतो? 'काही नाही हो तान्नी, छान झालंय' म्हणतो, की हसतो, की आईच्या बाजूने दोन शब्द मलाही ऐकवतो?

तो म्हणाला, "तान्नी, हे बिघडलंय. आणि आई खरंच रागावली आहे."

"ते दिसलं बाबा."

"ढवळत नाहीत हे मी सांगायला हवं होतं. राहिलं माझं." मग एक खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला. "आता तिला समजवायला जाऊ नका. तिला पूर्ण रागावू दे. मग ती येईल."

आणि तो बसूनच राहिला. तिकडे त्याचे मित्र बोलवत होते, तो गेला नाही. मुग्धा माझ्या दुसऱ्या बाजूला येऊन बसली. आम्ही तिघं त्या भांड्यावर लक्ष ठेवत बसलो. नुसतं लक्ष.

बसल्या बसल्या मला माझी थोरली बहीण आठवली. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात तिच्या हातून दूध उतू गेलं. सासूबाई गोड हसल्या म्हणे, "असू दे गं, काय बिघडलं." आणि मग गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं, घरात दुधाचं पातेलं चढलं की सासूबाई कोणाला तरी हाक मारतात, "अगं, हिच्याजवळ उभी राहा जरा." आजही. बहिणीला नातवंडं झाली तरी. ते 'असू दे' इतकं महागात पडलं तिला! ही एल्साबे 'असू दे' म्हणाली नव्हती. सगळ्यांदेखत, तोंडावर, मोठ्या आवाजात बोलली होती. वाईट वाटलं, पण मनात कुठेतरी दुसरंही काहीतरी वाटत होतं, ते मला तेव्हा नीट सापडेना.

घराचं दार वाजलं. एल्साबे आली. हातात दोन मग. एक माझ्यापुढे धरला. लालसर चहा, त्यांच्याकडच्या झाडपाल्याचा.

"साखर नाही घातली," ती म्हणाली. "आणि माझ्याकडे बघू नकोस. मी अजून रागावलेली आहे."

मी बघितलं नाही. चहा प्यायले. मुलं हळूच उठून गेली. आम्ही दोघी शेजारी शेजारी, ती रागावलेली आणि मी न बघणारी. चहा संपता संपता तिने झाकण काढलं, चमच्याच्या टोकावर थोडं घेतलं, चाखलं. मग तोच चमचा माझ्यापुढे केला.

"चव आहे," ती म्हणाली. "रूप गेलं."

मी चाखलं. चव होती हो. मटण मऊसूत झालेलं, आणि बटाटा सगळ्यात विरघळलेला. आमच्याकडे ह्याला दाटपणा म्हणतात. पण मी तोंड मिटून ठेवलं. शहाणपण उशिरा का होईना, येतं.

जेवण

सहा वाजता लांब टेबलं जोडली. सगळ्यांची भांडी, जाळ्या, ब्रेड, कोशिंबिरी. एल्साबेचं भांडं मधोमध. ती मुलाकडे आली की दर वेळी तेच मधोमध असतं म्हणे, लोक तिच्या पोयकीसाठी लांबून गाडीने येतात. तिने झाकण काढलं आणि वाढायला घेतलं. वरच्या थराचे मशरूम कुठे, शेंगा कुठे, काही कळेना.

कोबसकाकांनी ताटात बघितलं आणि मोठ्याने म्हणाले, "एल्साबे, ही पोयकी की बाळाचं खिमट?"

सगळे हसले. मी मान खाली घातली, मग म्हटलं, नको, आपणच सांगावं, आणि हात वर करायला लागले. तेवढ्यात एल्साबेच म्हणाली, "सुशीलाने ढवळली. मुग्धाच्या आईने. तिला माहीत नव्हतं."

लपवलं नाही. झाकलंही नाही. झालं ते जसंच्या तसं.

कोबसकाकांनी दुपारीच सगळं ऐकलं होतं, तरी त्यांना चेव आला. "ढवळली? अरे देवा! बरं झालं माझी आग हिच्या हाती नाही दिली, नाहीतर निखारेही ढवळले असते! सुशीला, पुढच्या वर्षी माझ्याकडे क्लासला या. भांड्यावर लक्ष कसं ठेवायचं, पहिला धडा..."

ठण्णकन आवाज झाला. एल्साबेने चमचा भांड्याच्या काठावर आपटला होता.

"कोबस," ती म्हणाली, "तिला बोलायचं ते मी बोलले आहे. दुपारी बोलले, सगळ्यांसमोर बोलले. ती माझी पाहुणी, माझं भांडं, माझे बटाटे. तिला मी बोलेन. तू नाही. खायचं तर खा, नाहीतर ताट ठेव खाली."

कोबसकाकांनी ताटाकडे बघितलं, एक घास घेतला, दुसरा घेतला. मग ताट तसंच पुढे केलं. "अजून थोडं वाढ," म्हणाले.

दुपारपासून मनात जे सापडत नव्हतं ते मला तिथे सापडलं. हिला बोलायचं ते मी बोलेन, दुसऱ्याने नाही. हे कोण कोणासाठी म्हणतं? परक्यासाठी नाही म्हणत कोणी. मी अजून हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं, आणि ही बाई मला घरातली धरून मोकळीसुद्धा झाली होती. उद्या मुग्धाच्या हातून काही बिघडलं तर ही तिला फाडून खाईल, अगदी तोंडावर. आणि मग चहा आणून देईल, बिनसाखरेचा. आणि बाहेरच्या कोणी एक शब्द काढला तर चमचा आपटेल. मला आणखी काय बघायचं होतं?

भांडं रिकामं झालं तसं एल्साबे तळाला लागलेलं खरवडायला लागली. मी न विचारता दुसरा चमचा घेतला. तिने बघितलं, आणि भांडं जरा माझ्याकडे कलतं केलं. खरवड तिलाही आवडते, मलाही. एक बाजू तिची, एक माझी.

खरवडता खरवडता मी मुग्धाला हाक मारली. ती आणि रिआन दोघं समोर बसली होती, दोघांची ताटं जशीच्या तशी होती.

मी मराठीत म्हटलं, "मुग्धा, तुझ्या सासूबाईंना विचार, लग्नाच्या दिवशी मला चुलीपाशी येऊ देणार का?"

मुग्धाने काटा खाली ठेवला. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"व्हॉट डिड शी से?" रिआन विचारतोय. "मुग्धा? व्हॉट डिड शी से?"

तिने सांगितलं. रडत, हसत, अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी. रिआन उठला तो टेबल हलवूनच उठला, दोन ग्लास आडवे झाले. कोबसकाका ओरडले, कोणीतरी टाळ्या वाजवल्या, ते साडेसहा फुटी पोर मला मिठी मारताना गुडघ्यांवर बसलं.

एल्साबे मात्र उठली नाही. तिने चमच्यावरची खरवड संपवली. चष्मा लावला, माझ्याकडे नीट बघितलं. तिला प्रश्न विचारला होता आणि ती उत्तराचा विचार करत होती.

"नाही," ती म्हणाली. "खुर्ची देईन. चांगली, हाताची. चुलीपासून लांब."

मी म्हटलं, "मान्य." आणि भांड्यातल्या माझ्या बाजूचं उरलेलं तिच्या चमच्यात घातलं.